एक वकीलपत्र आणि चाळीस वर्षं

आज आपण एका कारकिर्दीची समीक्षा करू: कामगार कायद्यात हयातभर मालकांच्याच बाजूनं उभं राहिलेल्या वकिलाची. त्याला खलनायक ठरवणं सोपं आहे. आपण ते करणार नाही. मालकालाही बाजू असते, आणि ती मांडणारा कुणी नसेल तर होतो तो निवाडा नव्हे.

त्याचं नेहमीचं समर्थन असं: ‘वकील पक्षकार निवडत नाही, आलेलं काम घेणं हे त्याचं कर्तव्यच.’ बार कौन्सिलच्या नियमांत हे तत्त्व आहे, काही अपवाद ठेवून. पण ते समर्थन करतं एका वकीलपत्राचं. चाळीस वर्षं एकाच बाजूची वकीलपत्रं येत राहिली, तर त्याला योगायोग कसं म्हणायचं? ती निवड झाली. आणि निवड म्हटली की जबाबदारी आलीच.

या पिढीनं ज्यावर हयात घालवली, त्या १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याला वकिलाबद्दल शंकाच होती. समेटाच्या बोलणीत त्याला मज्जाव. न्यायाधिकरणात यायचं तर समोरच्या पक्षाची संमती हवी आणि न्यायाधिकरणाची परवानगीही. १९७६ साली पारादीप पोर्ट ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की वकील मालकांच्या संघटनेचा पदाधिकारी म्हणून आला तर ही अट आड येत नाही. कामगार संघटनेच्या पदाधिकाऱ्यालाही तीच मुभा. कागदावर बरोबरी झाली. पण पुढची तारीख पडली की मालकाचा एक दिवस जातो. कामावरून काढलेल्याच्या घरी चूल अडते.

तरी खरी परीक्षा कोर्टात नाही, वकिलाच्या चेंबरमध्ये आहे. बारा महिन्यांत २४० दिवस भरलेल्या कामगाराची कपात करायची तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागे. मग मालक विचारतो, ‘साहेब, ब्रेक कधी देऊ?’ कायम करायचं टाळण्यासाठी माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा हंगामी ठेवणं ही अनुचित प्रथा, असं पुढे याच कायद्यानं सांगितलं. पण चेंबरमध्ये समोर ना न्यायाधीश, ना विरोधी वकील. कोर्टात तो म्हणू शकतो, ‘मी फक्त पक्षकाराचा आवाज आहे.’ इथं मात्र विचारही त्याचाच असतो.

आणि याच चेंबरमध्ये तो असंही म्हणू शकतो: ‘आधी आरोपपत्र द्या, चौकशी नेमा, त्याचं म्हणणं ऐका.’ हेही तो मालकाच्याच हितासाठी सांगतो, हे खरं. तरी कामगाराचं म्हणणं पहिल्यांदा ऐकलं जातं ते अशा सल्ल्यामुळेच.

तेव्हा त्यानं किती खटले जिंकले, हे आपण विचारू नये. ते निकालपत्रांत सापडेल. मालकाला तो किती वेळा ‘नाही’ म्हणाला, हे विचारावं. त्याची नोंद कुठेच नसते, पण ते त्याला स्वतःला पक्कं माहीत असतं.