कुक्कुटज्वर आणि विनोदाची नीती

परसात चार कोंबड्या पाळणे ही गोष्ट वाङ्मयचर्चेच्या पंक्तीला बसण्याजोगी नाही, असे पुष्कळ सुज्ञ वाचकांस वाटेल. आमच्या पांढरपेशा घरांपैकी अनेकांत कोंबडीला परसदारीही मज्जाव असे. आणि जो प्राणी घराच्या उंबरठ्याबाहेर राहिला तो साहित्याच्याही उंबरठ्याबाहेरच राहावा, हा रिवाज आम्ही फार दिवस पाळला. परंतु मनुष्य पोटासाठी काय करतो ह्यापेक्षा गरज नसता हौसेने काय करतो, ह्यावरून त्याचा स्वभाव अधिक कळतो. आणि ह्या दृष्टीने कोंबडीने जगाच्या वाङ्मयास बरीच सामग्री पुरविली आहे. जॉर्ज पी. बर्नहॅम नामक अमेरिकन गृहस्थाने १८५५ साली बोस्टन येथे प्रसिद्ध केलेले ‘द हिस्टरी ऑफ द हेन फीव्हर’ हे पुस्तक त्या सामग्रीतील एक विलक्षण नमुना होय. ‘हेन फीव्हर’ ह्यास आम्ही ‘कुक्कुटज्वर’ असा शब्द योजितो. हा ज्वर कोंबड्यांस होणारा नव्हे. कोंबड्यांपायी माणसांस जडलेला. पुस्तक हसविते ह्यात शंका नाही. परंतु हसविणारा स्वतः कोठे उभा आहे, हा प्रश्न ते वाचून संपल्यावर मनात घोळत राहतो, आणि त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम ज्वराची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात चीनकडून प्रचंड देहाच्या, पायांवरही पिसे असलेल्या कोंबड्या इंग्लंडात येऊ लागल्या. विक्टोरिया राणीच्या पक्षिगृहात त्यांस जागा मिळाली, आणि जे राजवाड्यात पोचले ते लवकरच सरदारांच्या वाड्यांत व सावकारांच्या बागांतही पोचले. कोंबड्यांच्या झुंजींस १८३५ च्या कायद्याने बंदी झालीच होती. चुरशीची ती जुनी हौस आता प्रदर्शनाच्या पिंजऱ्याकडे वळली. १८४५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत कोंबड्यांचे प्रदर्शन भरले. १८४९ च्या नोव्हेंबरात बोस्टनच्या सार्वजनिक उद्यानात असेच प्रदर्शन झाले. एक हजाराहून अधिक पक्षी मांडले होते आणि सुमारे दहा हजार माणसे ते पाहावयास लोटली. तेथून पुढे पाचसहा वर्षे न्यू इंग्लंडातील वकील, डॉक्टर, धर्मोपदेशक, दुकानदार, जो तो परसात खुराडे बांधू लागला. ज्या पक्ष्याची किंमत बाजारात काही आण्यांच्या मोलाची, त्याच्या एका जोडीस शंभर डॉलर व त्याहूनही अधिक पडू लागले. १८५५ च्या सुमारास हा फुगा फुटला.

बर्नहॅम हा ह्या सर्व प्रकाराचा केवळ साक्षी नव्हता. तो त्यातील एक प्रमुख विक्रेता होता. त्याने डब्लिनहून ‘राणीच्या वंशातील’ म्हणून पक्षी मागविले, वाढविले व विकले. १८५२ च्या अखेरीस त्याने करड्या रंगाच्या नऊ कोंबड्या थेट विक्टोरिया राणीस भेट म्हणून धाडिल्या. राणीकडून आभाराचे पत्र आले, पुढे तिची तसबीरही आली. आणि लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने त्या पक्ष्यांची चित्रे छापली. ह्या भेटीची वार्ता सर्वत्र फिरली आणि मागणी वाढली, हेही बर्नहॅमच आपल्याला सांगतो. त्यात संकोच नाही, पश्चात्ताप नाही. जाहिरातीची कला अद्याप बाल्यावस्थेत होती अशा काळी राजाश्रयाचा असा उपयोग करणारा मनुष्य बुद्धीने सामान्य नव्हता, हे कोणीही मान्य करील.

पुस्तकाचे गुण अनेक आहेत. ग्राहकांची पत्रे, प्रदर्शनांतील मानापमान, परीक्षकांची ऐट, सभासदांची एकमेकांवर उधळलेली स्तुतिसुमने ही सर्व त्याने मोठ्या मार्मिकपणे टिपली आहेत. कुक्कुटसुधारणेसाठी स्थापन झालेल्या मंडळीस त्याने ‘परस्परस्तुतिमंडळ’ अशा अर्थाचे नाव दिले आहे; आणि ज्यांनी आमच्याकडील साहित्यसंमेलनांचे, गायनसमाजांचे वा पुष्पप्रदर्शनांचे अंतरंग थोडेसे पाहिले आहे त्यांस हे नाव फार दूरचे वाटणार नाही. चार समानशील माणसे एकत्र आली, त्यांनी नियम केले, अध्यक्ष निवडला, पारितोषिके ठेविली, की प्रेमाच्या जोडीला मत्सरही सभासद होतो. हा अनुभव सार्वत्रिक आहे, आणि तो इतक्या खेळकर भाषेत मांडणारे पुस्तक विरळा.

परंतु खेळकरपणाच्या मागे पाहू लागले, म्हणजे एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते. ह्या पुस्तकात मूर्ख ठरतो तो नेहमी घेणारा. देणारा कधीच मूर्ख ठरत नाही. आणि देणारा बहुधा बर्नहॅमच असतो. नवशिका हौशी मनुष्य पत्र लिहितो, पैसे धाडतो, पिंजऱ्याची वाट पाहतो, आणि लेखक त्या पत्रावर आम्हांस हसावयास सांगतो. ज्याच्या खिशात त्या पत्रासोबत आलेले पैसे गेले, तोच ते पत्र आम्हांस वाचून दाखवीत आहे, हे आम्ही विसरावे अशी त्याची अपेक्षा दिसते.

विनोदी वाङ्मयात लेखकाचे स्थान हा गौण प्रश्न नव्हे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा सुदामा किंवा चिं. वि. जोशी ह्यांचा चिमणराव आठवा. तेथे फजितीचा पहिला वाटेकरी बोलणारा स्वतःच असतो. चिमणरावाच्या फजितीस हसताना आपण त्याच्या घरातील एक होऊन हसतो. हसून झाल्यावर त्याच्याविषयीचा जिव्हाळा वाढलेला असतो. बर्नहॅमच्या पुस्तकात हसून झाल्यावर फसलेल्या माणसाविषयी किंचित तुच्छता तेवढी शिल्लक राहते, आणि त्या तुच्छतेत आपण वाचकही नकळत भागीदार झालेले असतो. उपहासाचा अधिकार ज्याने तोटा सोसला त्याला आहे, ज्याने तटस्थपणे पाहिले त्यालाही आहे. ज्याने नफा मिळविला त्याच्या उपहासास आम्ही फार तर चातुर्य म्हणू.

हा भेद केवळ अलंकारशास्त्रातला आहे असे कोणी समजू नये. कडकनाथ ही काळ्या मांसाची कोंबडी मध्य प्रदेशातील झाबुआ प्रांतीची. भिल्ल लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, आणि २०१८ साली झाबुआच्या कडकनाथाच्या मांसास भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याच सुमारास तिच्या नावाने आमच्या महाराष्ट्रात एक ज्वर पसरला. पिले आमच्याकडून घ्या, वाढवा, अंडी व पक्षी आम्हीच चढ्या दराने परत घेऊ, असे आश्वासन देणाऱ्या योजनेत सांगली, कोल्हापूर, सातारा ह्या भागांतील कितीतरी शेतकऱ्यांनी पैसे गुंतविले. २०१९ साली ती योजना कोसळली, खरेदी थांबली, आणि फसवणुकीच्या तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या. खुराड्यात पक्षी होते, त्यांस दाणा हवा होता, आणि घेणारा कोणी नव्हता. आता कल्पना करा, की ती योजना विकणाऱ्यांपैकीच एखाद्याने चार वर्षांनी शेतकऱ्यांची पत्रे छापून एक खुसखुशीत पुस्तक लिहिले. ते आपण हसत वाचले असते काय? बर्नहॅमच्या ग्राहकांत सुखवस्तू हौशी लोक पुष्कळ होते आणि त्यांच्या नुकसानीस शंभरांहून अधिक वर्षे लोटली, म्हणून आपले हसू निर्वेध वाटते इतकेच. अंतर हे विनोदाला साहाय्यक असते. परंतु ते नीतीची जागा घेऊ शकत नाही.

बर्नहॅमच्या दृष्टीचा दुसरा दोष मला याहूनही मोठा वाटतो. त्याला ज्वर दिसला, शौक दिसला नाही. ज्वर उतरला म्हणजे सर्व संपले, अशा समजुतीने त्याने हा इतिहास लिहिला. परंतु संपला तो भाव. कोंबड्या पाळणारे संपले नाहीत. १८७३ साली अमेरिकेत कुक्कुटपालकांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने प्रत्येक जातीचा तुरा कसा असावा, पिसांचा रंग कोणता, बांधा कसा, ह्याचे प्रमाणपुस्तक सिद्ध केले. इंग्लंडातही १८७७ साली तशीच संस्था निघाली. बाजारभावावर ज्याची किंमत ठरत होती त्याची परीक्षा आता सर्वांनी मिळून मान्य केलेल्या लक्षणांवर होऊ लागली. रसिकांच्या मंडळास शास्त्र लाभले, असे आम्ही साहित्यिक लोक म्हणू.

ह्या बाबतीत ‘ब्रह्मा’ जातीची कथा उद्बोधक आहे. हे नाव आमच्या ब्रह्मपुत्रेवरून पडले. ती नदी जिथे वाहते त्या मुलखातून एका खलाशाने हे पक्षी आणिले, अशी एक कथा त्या वेळी सांगितली जाई. बर्नहॅमने ह्या नावाची यथेच्छ टर उडविली आहे. त्याच्या मते हे पक्षी म्हणजे करड्या शांघाय कोंबड्याच होत, नदीचे नाव केवळ गिऱ्हाइकासाठी. नावाविषयीचा त्याचा संशय पुष्कळ अंशी रास्त होता. तथापि ब्रह्मा कोंबडीचा तुरा वाटाण्याच्या दाण्यांच्या ओळींसारखा असतो आणि शांघाय कोंबडीचा एकेरी, दातेरी. तेव्हा तिच्यात चितगावकडील रक्तही मिसळले असावे, असे अनेक जाणकारांनी मानले आहे. नाव बनावट असेल. पक्षी बनावट नव्हता. हौशी मंडळींनी नावाचा वाद बाजूस ठेवून पक्षी जोपासला, आणि १८७४ च्या प्रमाणपुस्तकात ‘ब्रह्मा’ सन्मानाने दाखल झाली. गंमत अशी की त्याच १८७४ साली स्वतः बर्नहॅमनेही शांघाय, कोचीन व ब्रह्मा ह्या कोंबड्यांवर एक स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. ज्या शौकाचा मृत्युलेख त्याने एकोणीस वर्षांपूर्वी लिहिला होता, त्या शौकाचे वाचक त्याला अद्याप मिळत होते!

त्याच हौशी मंडळींकडे त्याच काळी दुसरा एक मनुष्य अगदी निराळ्या नजरेने पाहत होता. चार्ल्स डार्विन लंडनच्या कबूतरबाजांच्या मंडळांचा सभासद झाला, आणि टेगेटमायरसारख्या कुक्कुटतज्ज्ञाशी त्याने वर्षानुवर्षे पत्रव्यवहार ठेविला. १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या, पाळीव प्राणी व वनस्पती ह्यांच्यातील बदलांवरील त्याच्या ग्रंथात कोंबड्यांवर एक संपूर्ण प्रकरण आहे. लाल रानकोंबडा हा सर्व पाळीव कोंबड्यांचा पूर्वज, असा त्याचा निष्कर्ष होता. आमच्या सह्याद्रीतील करड्या रानकोंबड्याच्या रक्तामुळे अनेक पाळीव जातींस पिवळी कातडी लाभली, असे २००८ च्या संशोधनाने त्यात पुढे भर घातली आहे. परंतु येथे मुद्दा निष्कर्षाचा नसून वृत्तीचा आहे. परसात वाकून दोन पिलांतील तिळमात्र भेद पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत डार्विनला ज्ञानाचे एक साधन दिसले. बर्नहॅमला गिऱ्हाइकाचा थैलीवरचा सैल हात तेवढा दिसला.

आणि अखेर एक कथालेखक. हर्मन मेलव्हिल ह्याची ‘कॉक-अ-डूडल-डू!’ ही कथा १८५३ च्या डिसेंबरात, म्हणजे ज्वर ऐन भरात असता, ‘हार्पर्स’ मासिकात आली. कथानायक कर्जाने गांजलेला, मनाने खिन्न. एके सकाळी त्याच्या कानी कोंबड्याची अशी बांग पडते, की तिच्याने त्याची खिन्नता पार विरून जाते. तो कोंबडा कोणाचा ह्याचा शोध घेत तो श्रीमंत शेजाऱ्यांकडे हिंडतो. शेवटी तो सापडतो एका दरिद्री लाकूडतोड्याच्या झोपडीत. बायको आजारी, मुले आजारी, आणि दारी हा शांघाय कोंबडा. नायक पन्नास डॉलर देऊ करतो, मग शंभर, मग पाचशे. लाकूडतोड्या विकत नाही. अखेर घरातील एकेक माणूस मरते, आणि कोंबडाही मरतो. कथेचा सूर सर्वत्र सरळ नाही. तीत उपहास आहे, आणि तो त्या काळच्या उच्च तत्त्वज्ञानाच्या भाषेवरही आहे. परंतु ज्या वर्षांत प्रत्येक कोंबड्यास भाव होता, त्या वर्षांत ज्याला भावच नाही असा एक कोंबडा मेलव्हिलने उभा केला. बर्नहॅमच्या सबंध पुस्तकात असा एकही पक्षी नाही.

२०२० च्या साथीत अमेरिकेत पिलांची मागणी पुन्हा एकाएकी वाढली. ज्वर असा येतो आणि उतरतो. तो उतरल्यावर काही घरांतील खुराडी ओस पडतात. काही घरांत मात्र पहाटे उठून कोणी तरी दाणा टाकीतच राहते, शेजाऱ्याशी दोन अंड्यांची देवघेव करते, आजारी पिलाविषयी जाणत्यास विचारावयास जाते. शौकाचा खरा इतिहास ह्या दुसऱ्या घरांचा आहे, आणि तो बर्नहॅमच्या ग्रंथात नाही. म्हणून हे पुस्तक वाचू नये, असे मात्र आमचे म्हणणे नाही. फुगा कसा फुगतो हे इतक्या आतून सांगणारा साक्षीदार क्वचितच मिळतो, आणि प्रत्येक पिढीने ती साक्ष एकदा ऐकून ठेवणे हितावह आहे. मात्र ऐकताना एवढे ध्यानात असावे, की साक्षीदार हसत आहे आणि त्याची तिजोरी भरलेली आहे. त्याच्या हसण्यात आपला सूर मिसळण्यापूर्वी त्याला पत्रे लिहिणाऱ्या भाबड्या माणसांची पत्रे एकदा पुन्हा वाचावीत, आणि ह्या वेळी ती त्यांच्या बाजूने वाचावीत.