‘यजमान दीर्घिका’ : एका संज्ञेची चिकित्सा

ज्या दीर्घिकेशी एखादा रेडिओ-उद्गम निगडित असतो, तिला इंग्रजीत ‘होस्ट गॅलॅक्सी’ म्हणतात. तिचे मराठीकरण ‘यजमान दीर्घिका’ असे सहज सुचते आणि प्रथमदर्शनी ते निर्दोष वाटते. ते स्वीकारू नये, असे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन आहे. संज्ञेची योग्यता केवळ शब्दकोशावरून ठरत नाही. ती अभ्यासकाला कोणते प्रश्न सुचविते, यावरूनही ठरते.

‘यजमान’ हे मुळात ‘यज्’ धातूचे वर्तमानकालवाचक धातुसाधित होय. स्वतःसाठी यज्ञ करविणारा, हा त्याचा मूळ अर्थ. पाहुण्याचे आतिथ्य करणारा गृहस्थ, हा मराठीतील रूढ अर्थ. परंतु आपल्या धाराशिव जिल्ह्यातच या रूढीला छेद जातो. तुळजापुरी यात्रेकरू पुजाऱ्याच्या घरी उतरतो, आणि पुजारी ‘यजमान’ म्हणतो तो त्या उतरणाऱ्याला! हा घोटाळा संदर्भाने निवारता येईल. खरा दोष निराळा आहे. कोणत्याही अर्थाने घेतले, तरी या शब्दात बाहेरून आलेला दुसरा कोणी गृहीत धरलेला असतो.

एके काळी हे गृहीत अगदीच निराधार नव्हते. १९५४ साली बाडे व मिंकोव्स्की यांनी हंस तारकासमूहातील ‘सिग्नस ए’ हा प्रबळ उद्गम एका अंधुक दीर्घिकेशी जुळविला. तेथे दोन दीर्घिकांची टक्कर होत असावी, असा त्यांचा तर्क होता. पुढे तो मागे पडला. दीर्घिकेच्या केंद्रस्थानी असलेल्या महाकाय कृष्णविवराकडे ओढले जाणारे द्रव्य हे या ऊर्जेचे मूळ होय, असे आज मानले जाते. तेथून परस्परविरुद्ध दिशांनी निघालेले झोत दृश्य दीर्घिकेच्या फार पलीकडे पोचतात आणि रेडिओ-प्रारणाच्या दोन विस्तीर्ण पाळ्या निर्माण करतात. येथे पाहुणा कोणीच नाही; जे आहे ते घरातच जन्मलेले आहे.

आता प्रकाशीय गुणधर्मांकडे वळू. मॅथ्यूज, मॉर्गन व श्मिट यांनी १९६४ साली प्रबळ उद्गमांशी निगडित दीर्घिकांची रूपे तपासली. त्यांत प्रचंड लंबवर्तुळाकार व तत्सदृश दीर्घिकांचे प्राबल्य आढळले. सर्पिल दीर्घिका जवळजवळ नव्हत्याच. ‘यजमान’ ही संज्ञा मनात ठेवली, तर लंबवर्तुळाकार दीर्घिका अतिथ्यशील आणि सर्पिल तशा नव्हेत, एवढेच चित्र उमटते. नाते जन्माचे मानले, की प्रश्न रचनेचा होतो : मध्यवर्ती ताऱ्यांचा फुगवटा जितका मोठा, तितके कृष्णविवर सामान्यतः जड, मग झोत निर्माण होण्यास फुगवटाच आवश्यक आहे काय?

या प्रश्नाचे मोल अपवादांनी सिद्ध केले आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या साहाय्याने आनंद होता व सहकाऱ्यांनी २०११ साली ‘स्पेका’ ही सर्पिल रेडिओ-दीर्घिका प्रकाशात आणली. २०१४ साली पुण्याच्या ‘आयुका’तील जयदीप बागची व सहकाऱ्यांनी ‘जे २३४५-०४४९’ या सर्पिल दीर्घिकेचे वर्णन प्रसिद्ध केले. तिचा रेडिओ-विस्तार सुमारे १६ लाख पार्सेक, म्हणजे जवळजवळ ५२ लाख प्रकाशवर्षे आहे. तथापि तिला नेहमीसारखा मोठा फुगवटा नाही. तिची तबकडी मात्र विलक्षण वेगाने फिरते.

व्याकरणात अपवाद उत्सर्गाला खोटे पाडीत नाही, त्याची सीमा दाखवितो. येथेही तसेच आहे. लंबवर्तुळाकार दीर्घिकांविषयीचा नियम टिकतो. परंतु फुगवटा हेच एकमेव कारण, हा समज टिकत नाही.

म्हणून ‘मातृसंस्था’ या रुळलेल्या समासाच्या धर्तीवर ‘मातृदीर्घिका’ ही संज्ञा सुचवावीशी वाटते. तीही रूपकच आहे, आणि कृष्णविवराला मिळणारे द्रव्य कधी शेजारच्या दीर्घिकेतूनही येते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु पोषण बाहेरून झाले, म्हणून मातृत्व नाहीसे होत नाही. ज्या विद्यार्थ्यांना हे शास्त्र प्रथम मराठीतच भेटणार आहे, त्यांच्या हाती चुकीच्या नात्याचा शब्द देणे म्हणजे पहिलाच प्रश्न चुकविणे होय.