काटा २.०४ वर होता: एका अपघात-अहवालाचं वाचन

आज आपण एक अहवाल टीकेच्या नजरेनं वाचणार आहोत. १३ जानेवारी १९८२, वॉशिंग्टन. भर बर्फात एअर फ्लोरिडाचं बोइंग ७३७ उडालं आणि अर्ध्या मिनिटात पुलावर आपटून पोटोमॅक नदीत पडलं. विमानातले ७४ आणि पुलावरचे ४ जण गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं त्याच वर्षी अहवाल दिला.

या विमानात टेकऑफचा जोर 'ईपीआर'वर बघून लावत. इंजिनाच्या तोंडाशी हवेचा दाब किती, मागून बाहेर पडताना किती, त्यांचं हे गुणोत्तर. हवं होतं २.०४. वैमानिकांनी इंजिनांची बर्फरोधक यंत्रणा चालूच केली नव्हती; तोंडाशी दाब मोजणारी नळी गोठली, पुढचा दाब कमी दिसला आणि गुणोत्तर फुगलं. काटा २.०४ वर, इंजिन मात्र १.७० वर. म्हणजे जोर जेमतेम पाऊण!

इथे आपण जरा थांबू. सहवैमानिकाला शंका आली होती. हे बरोबर दिसत नाही, असं तो धावपट्टीवर पुन्हापुन्हा म्हणाला. कॅप्टननं ते उडवून लावलं. पण डावा-उजवा ताडून काही कळलं नसतं. दोन्ही नळ्या गोठलेल्या, दोन्ही काटे सारखेच खोटे बोलत होते. खरं काय ते खालच्या तबकड्या सांगत होत्या: पंख्याचे फेरे, एक्झॉस्टचं तापमान, इंधनाचा प्रवाह. २.०४ च्या मानानं सगळेच आकडे कमी.

अहवालानं संभाव्य कारण म्हणून तीन गोष्टी धरल्या: बर्फरोधक बंद, पंखांवर बर्फ असताना उड्डाण, आणि इशारा मिळूनही टेकऑफ न थांबवणं. तिन्ही वैमानिकांच्या माथी. चुका त्यांच्या होत्याच, त्यात वाद नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. नुसता बर्फ किंवा नुसता कमी जोर असता तर विमान तरलं असतं, असं हाच अहवाल आत म्हणतो. मग एका नळीवर सगळा भरवसा टाकणारी मोजणी त्या तीन ओळींत, किंवा निदान खालच्या साहाय्यक कारणांत तरी, का नाही? घाईत वाचणारा तेवढंच वाचतो हो.

आणि गंमत बघा, खरा जोर मंडळाला कळला कशावरून? कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात मागे इंजिनांची घरघर आली होती. तिच्या कंपनसंख्येवरून त्यांनी फेरे काढले. वैमानिकांच्या कानावरही तीच घरघर पडत होती.