पडद्यावरचा बाप

दलितांच्या जीवनावरील चित्रपटांविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा नायिकेविषयी, गाण्यांविषयी, फार तर शेवटाविषयी. बापाविषयी कोणी बोलत नाही. गेल्या काही महिन्यांत मी असे सहा-सात चित्रपट पाहिले. काही फार जुने, काही अलीकडचे. काही दुसऱ्यांदा पाहिले. ही त्यांची रीतसर समीक्षा नव्हे. छायाचित्रण, संकलन या गोष्टींतला मी जाणकार नाही. मी मराठीचा प्राध्यापक आहे, आणि कथा-कादंबरीतली माणसे कुठून आली, त्यांचे पोट कशावर चालते, त्यांच्यासाठी कोण राबते, हे पाहण्याची मला सवय आहे. त्याच सवयीने हे चित्रपट पाहिले आणि एक गोष्ट ध्यानात आली. दिग्दर्शक दलित मुलाच्या किंवा मुलीच्या बापाचे काय करतो, एवढे एक पाहिले तरी त्या चित्रपटाची सामाजिक जाणीव किती खोल आहे हे कळते.

आरंभ 'अछूत कन्या'पासून करू. बाँबे टॉकीजचा हा बोलपट १९३६ सालचा, दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन. कस्तुरी (देविका राणी) ही रेल्वे फाटकावरच्या दुखियाची मुलगी. दुखियाने गावातल्या मोहन या ब्राह्मण दुकानदाराला सर्पदंशातून वाचवलेले असते आणि त्यातून दोघांची मैत्री जमते. मोहनचा मुलगा प्रताप (अशोककुमार) आणि कस्तुरी यांचे प्रेम असते, पण जात आड येते. शेवटी येणारी आगगाडी थांबवताना कस्तुरी प्राण देते आणि तिच्या नावाचे स्मारक उभे राहते. जिवंतपणी जिला गावाने जवळ केले नाही तिला मेल्यावर हात जोडायचे, ही आपल्या समाजाची जुनीच सोय आहे.

माझे लक्ष मात्र दुखियाकडे गेले. त्याला फाटकाबाहेर जग नाही. भाऊबंद नाहीत, वस्ती नाही, त्याच्या बाजूने बोलणारे चार लोक नाहीत. नावच दुखिया! तो उपकार करतो आणि उपकारांखाली राहतो. हा चित्रपट निघाला तेव्हा महाडच्या सत्याग्रहाला नऊ वर्षे झाली होती. येवल्याची धर्मांतराची घोषणा आदल्याच वर्षीची. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाला जे भाषण झेपले नाही ते बाबासाहेबांनी स्वतः छापून प्रसिद्ध केले तेही १९३६ सालीच. चवदार तळ्यावर हजारोंनी चालत गेलेली माणसे त्या काळात या देशात होती. पडद्यावर मात्र एकटा, हात जोडलेला दुखिया आला. भूतदयेला असा एकटा माणूसच लागतो. वस्ती समोर उभी राहिली की भूतदया चालत नाही, तिथे हक्काचा प्रश्न निघतो.

बिमल रॉय यांच्या 'सुजाता'ची (१९५९) आजही वाहवा होते. आमच्या महाविद्यालयात चौदा एप्रिलच्या निमित्ताने विद्यार्थ्यांना एखादा चित्रपट दाखवायचे ठरत होते, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हाच सुचवला. 'इतका संयत चित्रपट या विषयावर दुसरा नाही,' असे त्यांचे म्हणणे. नूतनचा अभिनय संयत आहे हे मलाही मान्य. न बोलता सोसणे तिने ज्या ताकदीने दाखवले आहे ते विसरता येत नाही. आपल्या सुलोचनाबाईंनी रंगवलेली चारूही खरी वाटते. सुजाताला ती स्वतःची मुलगी म्हणत नाही, मुलीसारखी म्हणते. त्या एका 'सारखी'त सगळी जात आहे, आणि ते बिमल रॉय यांना कळले होते.

पण सुजाताचा बाप कुठे आहे? तो चित्रपटाच्या आरंभीच साथीत मेलेला आहे. आईही मेली आहे. जातीतले कोणी पुढे तिला भेटत नाही. असे का करावे लागले? सुजाताचा बाप जिवंत असता, एखाद्या रविवारी अभियंता चौधरींच्या बंगल्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला असता, तर या कथेचे काय झाले असते? त्याला बसायला कुठे सांगितले असते? चहा कोणत्या कपात दिला असता? अधीरशी तिचे लग्न ठरताना विहीण म्हणून कोण बसले असते? हे सगळे प्रश्न एका साथीने मिटवून टाकले. मग उरली एक एकटी मुलगी, तिचे रूप, तिचा स्वभाव, आणि शेवटी तिचे रक्त. चारूला रक्त लागते, सुजाताचे जुळते आणि तेव्हा कुठे ती मुलगी ठरते. आपण माणूस आहोत हे सिद्ध करायला आम्ही दर वेळी रक्त काढून द्यायचे काय? नागपूरची दीक्षा १९५६ सालची, 'सुजाता' त्यानंतर तीन वर्षांनी आला. त्यात 'चंडालिका'चा प्रयोग आहे, गांधीजींचा पुतळा आहे. बाबासाहेब नाहीत. जिथे बापच काढून टाकला तिथे बाबासाहेब तरी कसे येणार?

सत्यजित राय यांच्या 'सद्गती'त (१९८१) मात्र बाप आहे. प्रेमचंदांच्या कथेवरचा हा दूरदर्शनसाठी केलेला छोटा चित्रपट. दुखी चांभार (ओम पुरी) पंडिताकडे जातो तो मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढायला. म्हणजे तो जे सोसतो ते बाप म्हणून सोसतो, हे मला महत्त्वाचे वाटते. अंगात ताप असताना अंगण झाडायचे, भुसा वाहायचा आणि मग तो न फुटणारा ओंडका फोडायचा. त्यातच तो मरतो. राय एकाही ठिकाणी आपल्याला रडवायला जात नाहीत, म्हणून तो ओंडका डोक्यातून जात नाही. दुखी मरेपर्यंत एकदाही नाही म्हणत नाही. नकार येतो तो त्याच्या मरणानंतर. एक गोंड वस्तीत जाऊन सांगतो आणि वस्ती प्रेत उचलायला येत नाही. प्रेत विहिरीच्या वाटेवर पडून राहते आणि पंडिताला पायाला दोर बांधून ते स्वतः ओढत न्यावे लागते. समीक्षक या प्रसंगाकडे केवळ विटंबना म्हणून पाहतात. मला त्यात वस्तीचा संपही दिसतो. न उचलणे हेही एक कृत्य आहे. मेलेली ढोरे ओढायचे ज्यांनी बंद केले त्यांच्या नातवंडांना हे समजावून सांगावे लागत नाही.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) बाप पहिल्यांदा घरासकट आला. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. जब्याचा बाप कचरू (किशोर कदम) गावाची डुकरे धरतो. त्याच्यापुढे मुलीच्या लग्नाच्या खर्चाचा डोंगर आहे. तो पिणारा आहे, चिडणारा आहे, पोराला मारणारा आहे, आणि गावापुढे वाकणाराही आहे. त्याला सोज्वळ करायचा मोह मंजुळ्यांनी टाळला. डुक्कर धरण्याच्या त्या लांबलचक प्रसंगात सगळे कुटुंब धावते आहे, शाळेतली मुले आणि गाव बघून हसते आहे, आणि जब्या लपतो आहे. शालूने आपल्याला पाहू नये म्हणून लपतो. पण नीट पाहिले तर तो आपल्या बापापासूनही लपतो आहे. जातीने केलेली ही सर्वांत मोठी चोरी आहे. पाणी तोडले, देऊळ तोडले, हे दिसते तरी. पोराच्या मनातून बाप काढून नेला, हे दिसत नाही. शेवटी जब्या दगड भिरकावतो तेव्हा सर्वांना पडद्याबाहेर येणारा दगड आठवतो. मला त्याआधीचे आठवते. गाव हसताना जो लपत होता तोच पोरगा आता मध्ये उभा आहे.

'हा चित्रपट मुलांना निराश करील,' असे त्याच सहकाऱ्यांचे मत पडले. कोणत्या मुलांना? दरवर्षी जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज मी तपासतो. त्यात 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना असतो. ज्यांच्या घरी एक गुंठा जमीन नाही अशी मुले तिथे 'शेती' लिहितात. ऊसतोड लिहीत नाहीत, गटारकाम लिहीत नाहीत, बँड वाजवतो असे लिहीत नाहीत. माझा बाप कोयता घेऊन सहा-सहा महिने कारखान्यावर असायचा. मुकादमाची उचल फिटायची नाही आणि शाळा मध्येच सुटायची. घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. तो रकाना भरताना पोराचा पेन का थांबतो हे मला सांगायला कोणी नको. त्या मुलांना 'फँड्री' निराश करीत नाही. आपल्याला जे एकट्यालाच वाटते असे ते समजत होते, ते सर्वांसमोर पडद्यावर मांडलेले पाहून त्यांना धीर येतो. निराश होतात ते ज्यांना आपल्या समाजाविषयी फार बरे मत आहे ते.

हीच गोष्ट मारी सेल्वराज यांनी 'परियेरुम पेरुमाळ' या तमिळ चित्रपटात (२०१८) आणखी पुढे नेली आहे. मी तो भाषांतरित संवाद वाचत पाहिला, तरी अडले नाही. तिरुनेलवेलीच्या विधी महाविद्यालयात एक दलित तरुण येतो. इंग्रजी येत नाही म्हणून वर्गात हसे होते. तो आपले नाव सांगतो तेव्हा पुढे बी. ए. बी. एल. अशी पदवी लावतो आणि वर एक रेघ आहे असेही सांगतो, म्हणजे पदवी अजून मिळायची आहे. पहिल्या पिढीत शिकणाऱ्याची सगळी घाई आणि सगळा प्रामाणिकपणा त्या रेघेत आहे. त्याला बापाला घेऊन यायला सांगतात तेव्हा तो आधी दुसऱ्याच माणसाला बाप म्हणून उभा करतो. त्याचा खरा बाप बाईचा वेश घेऊन नाचणारा लोककलावंत आहे. आपल्याकडचा तमाशातला नाच्या आठवावा. पुढे हा खरा बाप महाविद्यालयात येतो आणि सवर्ण पोरे त्याची वस्त्रे फेडून त्याला रस्त्यावर पळवतात. ही भूमिका एका खऱ्या लोककलावंतानेच केली आहे. तो प्रसंग पाहताना मला खुर्चीत बसवेना. पण दिग्दर्शकाने त्या मुलाला तिथे सोडून दिलेले नाही. शेवटी तो मुलीच्या बापासमोर बसतो आणि त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलतो. दोघांमध्ये चहाचे दोन पेले आहेत. मला वाटले, बाप गमावलेल्या मुलाला बाप परत मिळाला आहे, म्हणूनच तो दुसऱ्याच्या बापाशी असे बोलू शकतो.

'सैराट' (२०१६) सर्वांनी पाहिला. गाण्यांवर नाचलेही. त्यात आर्चीचा बाप सर्वांच्या लक्षात राहतो, परश्याचा राहत नाही. एका बापाचा शब्द म्हणजे गावाचा कायदा. दुसरा बाप मासे मारणारा. पोरगा पाटलाची पोर घेऊन गेला म्हणून तो आपल्याच जातपंचायतीपुढे हात जोडून उभा राहतो, आणि शेवटी त्या कुटुंबाला गाव सोडावे लागते. प्रेम दोघांचे, किंमत घराची. 'धडक'मध्ये (२०१८) हीच कथा उदयपूरला नेली आणि जातीची धार घालवली, तेव्हा नेमका हा बाप पुसट झाला. 'सैराट'मधला आणखी एक प्रसंग मी विसरू शकत नाही. वर्गात कविता शिकवणाऱ्या लोखंडे सरांच्या मुस्कटात आर्चीचा भाऊ प्रिन्स मारतो. संस्था त्याच्या घरची. चित्रपटगृहात माझ्या मागच्या रांगेत त्या वेळी कोणीतरी मोठ्याने हसले. पदवी मिळाली, नोकरी मिळाली, खुर्ची मिळाली, तरी ती थप्पड कुठे लागू शकते याची कल्पना त्या हसणाऱ्याला नव्हती, किंवा पुरेपूर होती.

एवढे मान्य करून एक तक्रार नोंदवली पाहिजे. हे सर्व बाप सोसणारे आहेत. वाकणारे, नागवले जाणारे, मरणारे. हे खोटे नाही. पण हे पुरेही नाही. ज्याने देव नदीला दिले, ढोरे ओढणे बंद केले, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला, जयंतीच्या वर्गणीसाठी एक वेळ कमी खाल्ले आणि पोराचे बोट धरून त्याला शाळेत नेऊन बसवले, तो बाप आमच्या वस्तीवस्तीत होता. आत्मकथनांत तो आला आहे. नरेंद्र जाधवांचे 'आमचा बाप आन् आम्ही' १९९३ साली आले ते त्याच्याच नावाने. मराठी पडद्यावर तो अजून ठसठशीतपणे आलेला नाही. मुंबईतल्याच धारावीतला, वस्तीला घेऊन लढणारा बाप दाखवला तो पा. रंजित या तमिळ दिग्दर्शकाने, 'काला'मध्ये (२०१८). तिथे नायकाच्या जीपचा क्रमांक १९५६ आहे! रजनीकांतसारखा नट घेतला की बाप हा बाप राहत नाही, दैवत होतो, हा त्यातला दोष मला दिसतो. तरीही ही जीप आपल्या दिग्दर्शकांना सुचू नये याचे वाईट वाटते.

एप्रिल २०१४ मध्ये नगर जिल्ह्यातल्या खर्डा येथे एका सतरा वर्षांच्या दलित मुलाला सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून ठार मारण्यात आले. 'फँड्री' महाराष्ट्रात प्रदर्शित होऊन तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. त्या सगळ्या काळात त्या मुलाचा बाप न्यायासाठी झगडत राहिला. तारखांना जाणारा, कागद जपणारा, साक्षीदार फुटताना पाहणारा आणि तरीही पुढच्या तारखेला जाणारा बाप. त्याच्यात रडवण्याजोगे फार नाही, गाण्याला जागा नाही आणि शेवटही सोयीचा नाही. पण आमच्या चित्रपटाला पुढे जायचे असेल तर त्याला आता या बापाच्या घरी गेले पाहिजे.