जामिनी रॉय यांचा व्हॅन गॉग : नक्कल की अभ्यास?

आवडत्या चित्रकाराचे व्यक्तिचित्र रंगवणे हा कलाशिक्षणातील जुना स्वाध्याय आहे. चेहरा हुबेहूब आला की तो पुरा झाला, असा समज असतो. कोलकात्याचे चित्रकार जामिनी रॉय (१८८७–१९७२) यांनी व्हॅन गॉगच्या आत्मचित्रावरून केलेले चित्र हा समज तपासून पाहण्यास उपयोगी आहे.

रॉय मूळचे बांकुडा जिल्ह्यातील बेलियातोडचे. कोलकात्याच्या सरकारी कलाशाळेत ते पाश्चात्त्य पद्धतीचे तैलरंग शिकले आणि व्यक्तिचित्रे रंगवून चरितार्थ चालवू लागले. १९२० च्या दशकात ते कालीघाटच्या पटांकडे आणि बंगालच्या लोककलेकडे वळले. पाठ्यपुस्तकांत ही कथा ‘पश्चिमेचा त्याग’ म्हणून येते. ती अपुरी आहे. पटचित्रांचा वारसदार मानला जाणारा हा चित्रकार व्हॅन गॉगपाशीही शिकायला बसला होता.

व्हॅन गॉगच्या आत्मचित्रांत कुंचल्याचे आखूड फटकारे गालाच्या, कपाळाच्या, दाढीच्या वळणाने फिरतात. चेहऱ्याचा घाट छायेपेक्षा या फटकाऱ्यांच्या दिशेने घडतो. म्हणून या चेहऱ्याचा अभ्यास म्हणजे त्या हाताचा अभ्यास. नाकडोळे जुळले, पण फटकाऱ्यांची दिशा चुकली, तर साम्य असूनही व्हॅन गॉग हरवतो.

रॉय कधी परदेशी गेले नाहीत. त्यांची भिस्त छापील प्रतींवरच असणार. छपाईत रंगाचा जाड थर सपाट होतो. उरतात रेषा, दिशा आणि रंगांची विभागणी. ही मर्यादा खरी आहे. पण रॉय यांच्या पुढील चित्रांचा कणा नेमका रेषा आणि सपाट रंग हाच आहे, हेही नोंदवले पाहिजे. याला पुरावा म्हणता येणार नाही. मात्र दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहण्यास हे कारण पुरेसे आहे.

व्हॅन गॉगनेही १८८९–९० मध्ये सँ-रेमीच्या रुग्णालयात मिलेच्या चित्रांच्या रंगहीन छापांवरून तैलचित्रे केली. या कामाची तुलना त्याने बेथोव्हेनची रचना वाजवणाऱ्या वादकाशी केली होती. आपल्याकडे बंदीश गुरूची असली तरी गायकी शिष्याची होते, तसेच हे.

तरीही प्रत्येक प्रत म्हणजे अभ्यास नव्हे. रॉय यांनी पुढे स्वतःच्याच चित्रांच्या अनेक आवृत्त्या कुटुंबीय व सहायकांच्या मदतीने काढून अल्प किमतीत विकल्या. चित्र सामान्यांच्या घरी पोहोचावे, हा त्यामागचा हेतू होता. तेथे प्रत वितरणासाठी होती, तर व्हॅन गॉगच्या चित्रात शिकण्यासाठी. हेतू वेगळा, म्हणून मूल्यमापनही वेगळे हवे.

स्वाध्याय : एखाद्या आत्मचित्राची छापील प्रत घ्या. चेहरा न काढता केवळ फटकाऱ्यांच्या दिशा बाणांनी दाखवा. त्या बाणांवरून चेहऱ्याचा उंचसखलपणा कळतो का, ते लिहा.