तृप्तीचा हिशेब : 'स्मृतिचित्रे'तील ख्रिस्ती संतोषकल्पना

मराठी ख्रिस्ती साहित्याच्या चर्चेत 'संतोष' ही कल्पना बहुधा भक्तिगीतांच्या अंगाने विचारात घेतली जाते. आहे त्यात तृप्त असलेला, लौकिक उणिवांकडे पाठ फिरवून ईश्वराच्या सहवासात पूर्णता अनुभवणारा भक्त ही नारायण वामन टिळकांच्या (१८६१-१९१९) भजनांतून आणि अभंगांतून घडलेली प्रतिमा आहे. अहमदनगर जिल्ह्यातील (आजच्या अहिल्यानगरातील) ख्रिस्ती उपासनेत ती पिढ्यान्‌पिढ्या गायिली गेली. याच टिळकांच्या नगर-राहुरीकडील संसाराचे चित्र लक्ष्मीबाई टिळकांच्या (१८६८-१९३६) 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत प्रसिद्ध झाले. एकाच घरातून आलेल्या या दोन प्रकारच्या लेखनांत संतोष मात्र एकाच अर्थाने वावरत नाही. भजनात तो प्राप्त झालेला असतो, आत्मचरित्रात तो शिकावा लागतो आणि त्याची किंमतही कोणाला तरी मोजावी लागते. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे 'स्मृतिचित्रे'तील विनोद केवळ स्वभावविशेष म्हणून वाखाणला गेला. त्या विनोदामागील नैतिक विचार दुर्लक्षित राहिला.

ख्रिस्ती संतोषकल्पनेचा मुख्य आधार म्हणजे पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय. विपुलता असो की उणीव, दोन्ही स्थितींत तृप्त असण्यास आपण शिकलो आहोत, असे पौल तेथे सांगतो. त्याने वापरलेला ग्रीक शब्द स्टोइक तत्त्वज्ञांच्या परिभाषेतला आहे. बाह्य परिस्थितीवर अवलंबून नसलेली आत्मनिर्भरता असा त्याचा अर्थ होतो. पौल मात्र त्या शब्दाचा रोख बदलतो. त्याचे सामर्थ्य स्वतःचे नाही, ते ख्रिस्ताकडून आलेले आहे. शिवाय ही तृप्ती जन्मसिद्ध नसून शिकलेली आहे, यावर त्याचा भर आहे. याहून महत्त्वाची गोष्ट प्रवचनांतून सहसा निसटते. हे विधान ज्या परिच्छेदात येते, तो परिच्छेद म्हणजे आलेल्या मदतीची पोच आहे. पौल तुरुंगात आहे आणि फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याला देणगी धाडली आहे. आपण गरजेपोटी बोलत नाही असे म्हणत असतानाच तो देणाऱ्यांचे ऋण मान्य करतो. ख्रिस्ती संतोषाच्या या मूळ संहितेतच, तृप्त माणसाच्या पाठीशी कोणीतरी काहीतरी पुरवणारे उभे आहे, याची नोंद आहे.

टिळकांच्या काव्यात या कल्पनेला देशी परंपरेचे बळ मिळाले. योगदर्शनात संतोष हा पाच नियमांपैकी एक आहे. वारकरी परंपरेत तो विठ्ठलाच्या इच्छेवर भार टाकण्याशी जोडलेला आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, या आशयाचे टिळकांचे उद्गार प्रसिद्धच आहेत. त्यामुळे पौलाची शिकलेली तृप्ती त्यांच्याकडे संतांच्या शरणागतीच्या भाषेत अवतरते आणि त्याबरोबर तिचा काळही बदलतो. भजनाचा रूपबंध मुळातच वर्तमानकाळाचा आहे. गाणारा भक्त ज्या क्षणी गातो, त्या क्षणी तो पोहोचलेला असतो. शिकण्याची वाट, वाटेवरच्या चुका, वाटेत इतरांना झालेला त्रास यांना तेथे जागा नसते. हा भजनाचा दोष नव्हे, ते त्या प्रकाराचे लक्षण आहे. परंतु एखाद्या समाजाने संतोषाची समज केवळ भजनातून घेतली, तर शिकणे गळून जाते आणि फक्त तृप्ती उरते.

'स्मृतिचित्रे' ही गळलेली बाजू परत आणते. या संहितेतील टिळक द्रव्याविषयी विलक्षण निरिच्छ आहेत. जवळ असेल ते देऊन टाकावे, उद्याची चिंता करू नये, हे त्यांच्या बाबतीत साधनेपेक्षा स्वभावाच्या अधिक जवळचे आहे. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' स्थापन करणे ही त्या स्वभावाची परिणती होय. पण दिलेले ज्या घरातून जाते, त्या घराची चूल पेटती ठेवण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे येते. दुष्काळाच्या आणि प्लेगच्या वर्षांत परक्या मुलांसाठी हे घर खुले होते. त्या औदार्याचे रोजचे श्रम म्हणजे रांधणे, धुणे आणि दुखणीखुपणी. निवेदनातील विनोद नेमका या फटीत उगवतो. पतीच्या थोरपणाविषयी लेखिकेच्या मनात संशय नाही. परंतु त्या थोरपणाचा जमाखर्च मांडल्यावाचून ती पुढे जात नाही. आणि हाच हिशेब ती स्वतःलाही लावते. स्वतःचा हट्ट, राग, अज्ञान यांवर ती पतीच्या विसरभोळेपणाइतकीच मोकळेपणाने हसते. त्यामुळे तक्रारीचे रूपांतर आरोपपत्रात होत नाही आणि भक्तीचे रूपांतर चरित्रगौरवात होत नाही.

स्त्रीवादी दृष्टीने पाहता येथे एक सोपा निष्कर्ष हाताशी असतो : पतीचा संतोष म्हणजे पत्नीच्या श्रमांवर उभे असलेले पुरुषी वैराग्य. संहितेत त्याला आधार आहे, परंतु संहिता तेथे थांबत नाही. लक्ष्मीबाई संसार चालवण्याची सक्ती झालेली केवळ सोशीक पत्नी राहत नाहीत. १८९५ मधील टिळकांच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, परत आल्यावरही प्रारंभी आपले सोवळे त्यांनी सोडले नाही, आणि १९०० मध्ये घेतलेला बाप्तिस्मा हा त्यांच्या स्वतंत्र विचाराचा शेवट होता. म्हणजे शिकण्याची क्रिया या पुस्तकात पतीपेक्षा पत्नीच्या वाट्याला आली आहे. पौलाच्या क्रियापदाचा खरा कर्ता 'स्मृतिचित्रे'त कोण, या प्रश्नाचे उत्तर 'लक्ष्मीबाई' असेच द्यावे लागते.

त्या नेमके काय शिकल्या, हे पाहण्यासाठी पुस्तकाच्या आरंभीचे माहेर आठवावे लागते. वडिलांच्या सोवळ्याने ते सारे घर ग्रासलेले आहे. धुणे संपत नाही, कारण शुद्धी कधी पुरी होत नाही. सोवळे ही येथे असंतोषाचीच एक रीत ठरते. कितीही पाणी ओतले तरी ती तृप्त होत नाही. लेखिका हे सूत्ररूपाने सांगत नाही, पण त्या घराचे चित्र आणि पुढे जातिभेद मनातून उतरल्यानंतर इतरांबरोबर बसून जेवण्याचे चित्र शेजारी ठेवले की अर्थ आपोआप उलगडतो. आहे त्यात समाधान मानण्यापूर्वी 'आहे' म्हणजे काय, हे ठरावे लागते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत जे होते त्यात पैसा फारसा नव्हता, पण जातीचे श्रेष्ठत्व होते. ते हातचे सुटल्यावर जे उरले, त्यात तृप्त होणे हे त्यांचे शिक्षण होय. उणिवेत संतोष मानण्यापेक्षा ही गोष्ट अधिक अवघड आहे, कारण येथे आधी मालकी सोडावी लागते.

याच ठिकाणी एका मर्यादेची नोंद आवश्यक आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरमध्ये १८३१ पासून सुरू झाले आणि जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे महार व मांग समाजांतून आली. ज्यांच्याकडे सोडण्याजोगे श्रेष्ठत्वच नव्हते, त्यांच्या कानी संतोषाचा उपदेश वेगळ्या अर्थाने पडला असणार. गावकीची कामे आणि वतनाची बांधिलकी हीच ज्यांची मिळकत, त्यांना 'आहे त्यात समाधानी राहा' हे वाक्य गावव्यवस्थेच्या जुन्या आज्ञेसारखे ऐकू येण्याची शक्यता होती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये वतनविषयक कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच समाधानाच्या सापळ्याविरुद्ध होते. मिशनच्या शाळांनीही प्रत्यक्षात असंतोषच पेरला : अक्षर आले की गावकीचे काम हे आपले विधिलिखित आहे, असे मानणे कठीण होते. व्यासपीठावरून संतोष आणि शाळेतून आकांक्षा, हा अंतर्विरोध नगरच्या ख्रिस्ती जीवनात खोलवर आहे. 'स्मृतिचित्रे'त तो पूर्णपणे उमटत नाही. त्या समाजातील माणसे पुस्तकात आहेत, लेखिकेचे त्यांच्यावर प्रेमही आहे, परंतु त्यांची तृप्ती वा अतृप्ती त्यांच्या बाजूने सांगितली जात नाही. हा हिशेब लिहिणारी आत्मचरित्रे वेगळ्या हातांनी लिहिली जाणे आवश्यक होते.

तरीही हा अंतर्विरोध तपासण्याचे साधन 'स्मृतिचित्रे'च पुरवते. संतोषाचे विधान समोर आले की तीन प्रश्न विचारावेत, असे हे पुस्तक वाचकाला शिकवते : हा संतोष कोणाचा, तो कोणाच्या श्रमांवर उभा आहे, आणि संतुष्ट होण्यापूर्वी त्याने काय सोडले. ज्याने काही सोडले नाही आणि दुसऱ्याला मात्र समाधानाचा उपदेश केला, त्याचा संतोष या कसोटीस उतरत नाही. ज्याने सोडले, पण त्याची झळ कोणाला लागली हे पाहिले नाही, त्याचा संतोष अपुरा ठरतो. पौलाच्या पत्रातील पोच आणि लक्ष्मीबाईंच्या निवेदनातील जमाखर्च या दोहोंचे नाते येथे स्पष्ट होते. दोन्हींकडे तृप्ती ऋणाच्या कबुलीवाचून बोलत नाही.

'स्मृतिचित्रे'चे जोसेफीन इंकस्टर यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९५० मध्ये 'आय फॉलो आफ्टर' या नावाने आले. हे शब्द फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायाच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात आढळतात. आपण अजून पोहोचलो नाही, मागे धावतो आहोत, असे पौल तेथे म्हणतो. मराठी वाचकाला त्या शीर्षकात पतीमागून जाणारी पत्नी दिसण्याचा संभव अधिक. पत्रातील संदर्भ ध्यानात घेतला, तर ते चालणे ज्या ध्येयाकडे आहे ते पतीच्याही पुढे आहे. टिळकांच्या भजनातला भक्त पोहोचलेला आहे. लक्ष्मीबाईंच्या गद्यातली स्त्री शेवटपर्यंत वाटेवर आहे आणि वाटखर्च तिने लिहून ठेवला आहे. मराठी ख्रिस्ती संतोषाचा अभ्यास भजनावलीइतकाच या वाटखर्चाच्या वहीतून व्हायला हवा.