डांबराच्या डोहावरची गाणी

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामाच्या लहानशा वाचनालयात एक इंग्रजी पुस्तक परत आले. ते आणून दिले, ते घेऊन गेलेल्या मुलीने नव्हे, तर तिच्या आईने. पुस्तक टेबलावर ठेवून त्या बाईंनी शांतपणे विचारले, "बहिणीला डांबरात बुडवतात आणि घरची माणसे भोवती बसून गाणी म्हणतात. अशी गोष्ट पंधरा वर्षांच्या पोरीने वाचावी, असे आपल्याला वाटते का?" खरे सांगायचे तर आम्ही ते पुस्तक वाचलेच नव्हते. भेट आलेल्या गठ्ठ्यातून ते आले होते आणि मुखपृष्ठावरून मुलांचे दिसले म्हणून आम्ही त्याला मुलांच्या कपाटात जागा दिली होती. खजील होऊन आम्ही ते घरी नेले. त्या रात्री पहिली कथा वाचली आणि दुसरीकडे वळणे त्या रात्री आम्हांस जमले नाही.

ते पुस्तक म्हणजे मार्गो लॅनागन या ऑस्ट्रेलियन लेखिकेचा 'ब्लॅक ज्यूस' हा कथासंग्रह. लॅनागनबाईंचा जन्म 1960 साली न्यू साउथ वेल्समधील न्यूकॅसल या गावी झाला. 'ब्लॅक ज्यूस' 2004 साली प्रसिद्ध झाला. पुढल्याच वर्षी या संग्रहाला आणि त्यातल्या पहिल्या कथेला असे दोन जागतिक फँटसी पुरस्कार लाभले, तर 2006 साली अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संस्थेने कुमारवाचकांसाठीच्या पुस्तकांतील प्रिंट्झ सन्मान त्यास दिला. पुरस्कारांची ही यादी त्या आईसमोर ठेवून आम्हांला सुटता आले नसते, हे आम्ही जाणून होतो. पुरस्कार मिळाला म्हणून गोष्ट मुलांना देण्याजोगी ठरत नाही.

या जातीच्या लेखनाला इंग्रजीत 'डार्क फँटसी' म्हणतात. आपण तिला अंधारी अद्भुतकथा म्हणू. मराठी वाचकाला अंधार काही नवा नाही. नारायण धारपांच्या भयकथा आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आमच्या पिढीने पांघरुणात शिरून वाचल्या, आणि नंतर मध्यरात्री पाणी प्यायला उठण्याचे धैर्य गमावले. परंतु धारपांच्या कथेत अरिष्ट बहुधा बाहेरून येते. बंद वाड्यातून, विहिरीतून, कुणा दुष्ट साधकाच्या हट्टातून ते येते आणि त्याच्याशी झुंज देता येते. लॅनागनबाईंच्या पहिल्या कथेत भूत नाही, पिशाच नाही, जादूटोणाही नाही. अद्भुत म्हणावे असे तिथे एकच आहे, ते म्हणजे कोणत्याही नकाशावर न सापडणारा एक मुलूख आणि त्याचा कायदा.

'सिंगिंग माय सिस्टर डाउन' हे त्या कथेचे नाव. इक्की नावाच्या तरुणीने कुऱ्हाडीने आपल्या नवऱ्याचा जीव घेतला आहे. तिथल्या कायद्यानुसार तिला डांबराच्या डोहात उभे करायचे आणि डोहाने तिला सावकाश गिळायचे, ही शिक्षा. टोळीचा प्रमुख तिला डोहावर जाऊन उभे राहायला सांगतो. घरच्यांना मात्र तिच्याजवळ जाण्याची मुभा आहे. आपले वजन पसरावे, आपणही रुतू नये म्हणून चटया अंथरून ती माणसे तिच्याभोवती बसतात. तिला आवडणारे खाणे बरोबर आणलेले आहे. खेकडे आणले आहेत. गाणी होतात, गप्पा होतात, थट्टाही होते. दिवस कलत जातो, इक्की आत आत जात राहते. ही सारी हकिकत तिचा धाकटा भाऊ सांगतो.

एवढेच. सुटका नाही, ऐनवेळी धावून येणारा दूत नाही. तिने नवऱ्याला का मारले, याचा खुलासाही लेखिका करीत नाही. दुसरा एखादा लेखक असता तर त्याने नवऱ्याला जुलमी रंगवून इक्कीला आपल्या सहानुभूतीच्या पारड्यात टाकले असते. लॅनागनबाई तो सोपा मार्ग नाकारतात. इक्की निरपराध आहे म्हणून तिच्यापाशी बसा, असे त्या म्हणत नाहीत. ती अपराधी आहे आणि ती आमची आहे, या दोन्ही गोष्टी एकाच चटईवर शेजारी शेजारी बसलेल्या आहेत. आमच्या मते कथेची सगळी ताकद इथे आहे.

निवेदनासाठी मुलाचा आवाज निवडणे हा लेखिकेचा दुसरा मोठा निर्णय. मुलाला न्यायाची चर्चा करता येत नाही. त्याला दिसते ते आईचे वागणे, खेकड्याचे कवच, डांबराची ऊब, बहिणीच्या अंगावर चढत जाणारी काळी रेघ. मोठी माणसे काय लपवीत आहेत, हे त्याला अर्धवट उमगते आणि वाचकाला पुरते. कथेत रडणे आहे, पण ते फार उशिरा येते. तोवर आईने घरच्या सर्वांना एका कामाला जुंपलेले असते. ते काम म्हणजे इक्कीचा शेवटचा दिवस तिचाच राहील हे पाहणे. क्रुसाच्या वाटेची भक्ती लहानपणापासून करणाऱ्या वाचकाला ही आई ओळखीची वाटल्यावाचून राहणार नाही. शिक्षा थांबवण्याची शक्ती तिच्यात नाही आणि जागेवरून हलण्याची तिची तयारी नाही. लेखिकेच्या मनात पवित्र मरिया होती, असा दावा आम्ही करीत नाही. कथा आपल्या पायांवर उभी आहे. तिला आमच्या आधाराची गरज नाही.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे वळू. आम्ही त्यांना पुन्हा भेटलो तेव्हा त्यांची मुलगीही सोबत होती. कथेतले भयंकर काय वाटले, असे आम्ही तिला विचारले. डांबराचे नाव तिने काढलेच नाही. ती म्हणाली, "त्या मुलाला तिथे बसू दिले." आणि मग आईकडे वळून, "नाना गेले तेव्हा मला मावशीकडे का पाठवले?" आई काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही. कारण आमच्या घरीही आम्ही हेच केले होते.

आमच्या लहानपणी मरण घरात होई. ओटीवर देह ठेवलेला असे, रात्रभर जपमाळ आणि लितानी चाले, आम्ही पोरे पेंगत पेंगत उत्तरे देत असू आणि मध्येच कोणी तरी काळा चहा आणून देई. त्याचा त्रास झाला का? झाला असेल. पण मेलेल्या माणसापाशी बसता येते, गाता येते, त्याच्या खोड्या आठवून हसताही येते, हे आम्हांला कोणी शिकवावे लागले नाही. आता मरण दवाखान्यात होते, देह थेट मिस्सेला येतो आणि मुलांची परीक्षा असते. वाईट हेतू कोणाचाच नाही. परंतु ज्या मुलीला आपण आजोबांच्या उशापासून दूर धाडले, तिने मरणाविषयीच्या कथेपासूनही दूर राहावे, हा आग्रह आम्हांस आता धरवत नाही.

याचा अर्थ कथेविषयी आमची तक्रार नाही असा नव्हे. शिक्षेविरुद्ध त्या मुलखात कोणी अवाक्षर काढीत नाही. पाऊस पडावा तसा कायदा घडतो. मृत्युदंड अस्वीकार्य आहे, असे ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात 2018 साली पोप फ्रान्सिस यांनी स्पष्ट नोंदवून घेतले. त्या दृष्टीने पाहता ही मुकी संमती खुपते. पहिल्या वाचनी आम्ही हा कथेचा दोष धरला होता. दुसऱ्या वाचनी मत डळमळले. कायद्याविरुद्ध एक भाषण टाकले असते तर वाचकाला त्या भाषणाला मान डोलावून मोकळे होता आले असते. भाषण नसल्यामुळे तो डांबर आपल्याबरोबर घरी घेऊन जातो. तरीही शंका उरते, आणि मुलांशी या कथेवर बोलताना ती शंका बोलून दाखवावी, लपवू नये, असे आम्हांला वाटते.

संग्रहातल्या सगळ्या कथा या तोलाच्या नाहीत. 'स्वीट पिपिट' सुरेख आहे. माणसांनी पकडून नेलेल्या आपल्या माहुताला शोधीत निघालेला हत्तींचा कळप ती सांगतो, आणि कळपाचे 'आम्ही' लेखिकेने असे साधले आहे की ही इतकी मोठी जनावरे दुःखात किती अवघडतात ते जाणवते. 'अर्थ्‌ली युसेस'मध्ये एक मुलगा मरणपंथाला लागलेल्या आजीसाठी देवदूत शोधायला जातो. तो देवदूत शुभ्र नाही, सुगंधी तर नाहीच, जवळ गेल्यास नाक धरावे असा आहे. काही वाचकांना हा उपमर्द वाटेल. तोबितच्या पुस्तकात राफाएल देवदूत साध्या वाटसरूच्या वेशात येतो आणि कोणी त्याला ओळखत नाही, हे ज्यांना आठवते त्यांनी थोडा धीर धरावा. 'पर्पेच्युअल लाइट' हे शीर्षक मृतांसाठीच्या प्रार्थनेतून आले आहे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. 'रेड नोज डे' मात्र आम्हांस रुचली नाही. उंचावर दबा धरून दोघे जण विदूषकांना टिपतात. यातली क्रूरता कल्पक आहे, पण तिच्याजवळ चटई अंथरून बसणारे कोणी नाही. अंधाराखातर अंधार, एवढेच तिचे स्वरूप राहते, आणि असला अंधार दूरदर्शन संचावर आमची मुले रोज फुकट पाहतात.

जाता जाता लेखिकेच्या 2006 सालच्या 'रेड स्पाइक्स' या पुढील संग्रहाचाही उल्लेख करायला हवा, कारण त्यातील 'अंडर हेल, ओव्हर हेवन' ही कथा लिंबोत घडते. स्वर्गही नाही, नरकही नाही, सुखदुःखाची चवच नाही, अशा त्या कोरड्या पट्ट्यात अडकलेली तरुण मंडळी एका आत्म्याला पोहोचवायला निघतात. बाप्तिस्म्याविना दगावलेल्या बाळांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ कारणे आहेत, असे सांगणारा आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाचा दस्तऐवज 2007 साली प्रसिद्ध झाला, म्हणजे या कथेच्या पाठोपाठच. अशा बाळाला कबरस्तानाच्या कडेला पुरून आलेल्या आयांची आठवण आमच्या गावांतून अजून पुसलेली नाही. ती कथा वाचताना आमचे लक्ष त्यामुळे वारंवार पुस्तकातून उठत होते.

असो. आम्ही पहिल्या कथेचा मराठी अनुवाद वाचनमंडळापुरता करून पाहिला आणि शीर्षकापाशीच अडलो. इंग्रजी शीर्षकात बुडवणे आहे आणि गाणे आहे, दोन्ही एकाच दमात. 'ताईला गात गात बुडवताना' म्हणावे तर भाऊच मारेकरी ठरतो. 'ताईला निरोप' म्हणावे तर रेल्वे स्थानकाची आठवण होते. कागद टेबलावर पडून होता. त्या बाई आणखी एक पुस्तक बदलायला आल्या होत्या, त्यांनी तो वाचला. "आपण मयताला काय करायला जातो?" त्यांनी विचारले. "पोचवायलाच ना?" आम्ही पेन्सिलीने लिहिले, 'ताईला पोचवताना'. त्यांनी मान हलवली आणि मुलीसाठी 'ब्लॅक ज्यूस' पुन्हा नावावर मांडून नेले. नोंदवहीत यावेळी नाव मात्र त्यांचे स्वतःचे आहे.